ध्वनिमुद्रित पाडवा

पहाटे ३.४०

गजर लावला नव्हता तरी जाग आली. दिवाळीत मला गजर लागत नाही, वीस-बावीस वर्षांची सवय आहे. वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत पुण्यात गाणाऱ्या माणसाला झोप परवडत नाही. साडेचारला एखाद्या बागेत नाहीतर शाळेच्या पटांगणात आवाज तपासायचा, पाचला अत्तर लावलेले रसिक हजर, साडेपाचला पहिला ‘सा’. वरून रेशमी साडी, आतून लोकरीचे मोजे. शेजारी पेटीवाले काका बोटं काखेत धरून ऊब देत बसलेले, कारण गार बोटांना पट्ट्या ऐकत नाहीत.

त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. १६ नोव्हेंबर २०२०, सोमवार. तिथी अशा आल्या होत्या की पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. एरवी असा जोडदिवस म्हणजे दोन कार्यक्रम, मधे कपडे बदलायलाही वेळ नाही. पण महिन्याच्या सुरुवातीला सरकारच्या दिवाळीविषयक सूचना आल्या होत्या: दिवाळी पहाटसारखे कार्यक्रम करू नयेत, करायचेच तर ऑनलाइन, केबलवर, फेसबुकवर करावेत. ‘करू नयेत’ हे क्रियापद सरकारी मराठीत फार सभ्यपणे येतं. ते वाचून माझ्या वहीतली पाच नावं खोडली गेली.

उठलेच आहे तर खर्ज लावू म्हणून बसले. आधी खिडकी लावली. एप्रिलमध्ये समोरच्या विंगमधल्या काकूंनी फोन करून सांगितलं होतं, “अगं, खिडकी लावून गातेस का जरा? ते हवेतून पसरतं म्हणतात.” तेव्हा मला राग आला होता. पुढे जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहिलं, की हा विषाणू हवेतून पसरतो हे मनावर घ्या. ते वाचलं आणि काकूंविषयीचा आदर वाढला, त्या संघटनेच्या तीन महिने पुढे होत्या. अर्थात खिडकी लावून त्यांची सोय झाली आणि माझ्या घरच्यांची गैरसोय, कारण बंद खोलीत कोंडलेली हवा सगळ्यात वाईट. तरी लावली. शेजारधर्म हा विज्ञानाच्या आधीचा आहे.

पहाटे ५.१५

आमच्या पेठेतलं विठ्ठलमंदिर आठ महिन्यांनी उघडणार होतं. शनिवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की पाडव्यापासून राज्यातली प्रार्थनास्थळं उघडतील. काकड्याचे दिवस चालू होते. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे रोज पहाटे काकडा असतो, आणि यंदाचा निम्मा काकडा पुजाऱ्यांनी बंद दारामागे एकट्यानं केला होता.

दारात चुन्यानं आखलेली वर्तुळं, पायानं दाबायची सॅनिटायझरची बाटली, कपाळावर रोखायची तापमापीची बंदूक. चिटणीस काका छापील कागद घेऊन उभे. मास्क असल्याशिवाय आत नाही. तीर्थ-प्रसाद नाही. मूर्तीला हात लावायचा नाही; पदस्पर्श बंद, मुखदर्शन चालू. देवाचं मुख दिसत होतं, आमची झाकलेली होती. पासष्टच्या वरच्यांनी आणि दहाच्या खालच्यांनी घरी थांबावं.

हे शेवटचं कलम आमच्या भजनी मंडळाच्या मुळावर आलं. अकरा जणांत आठ पासष्टच्या वरचे. बुवा एकाहत्तर. पखवाज वाजवणारे अडुसष्ट. उरले तिघे, त्यातले दोघे टाळ उत्तम वाजवतात पण सुरात येत नाहीत, आणि तिसरी मी, जी मंडळात अधूनमधून येते.

पण आम्ही तिघं तरी गाऊ शकत होतो का? केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ४ जूनला धार्मिक स्थळांसाठी जी नियमावली काढली, तिच्यात गाण्याचं कलम वेगळं होतं: संसर्गाचा धोका पाहता शक्यतो ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत लावावं, गायनवृंदांना परवानगी देऊ नये. चिटणीस काकांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं. ‘शक्यतो’वर त्यांचं बोट थांबलं. “हे ‘शक्यतो’ कुणाला लागू?” ध्वनिमुद्रिताला की बंदीला? वाक्य असं होतं की दोन्हीकडे ओढता आलं असतं. पण विश्वस्तांच्या बैठकीत कुणालाच ओढायचं नव्हतं. दार पुन्हा बंद होण्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा, असं ठरलं.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून काकडा गायले होते. कपाटात अशासाठी की साड्या आवाज पितात, खोली घुमत नाही. एका कानात फोनमधला ठेका, समोर तानपुरा, बाकी कुणी नाही. भूपाळी, काकडआरती, अभंग, वासुदेव, पांगळा. बत्तीस मिनिटं झाली. बुवांचा मान होता हा, पण त्यांच्याकडे साधा फोन, आणि “मला त्या डबड्यात गाता येत नाही” हे त्यांचं म्हणणं.

साडेपाचला काकांनी कळ दाबली. कर्ण्यातून माझाच आवाज आला. मी खाली वर्तुळात, नाकावर तीन पदरी कापड. स्वतःचा आवाज ऐकायची सवय आहे मला, पण गप्प उभं राहून ऐकायची नाही.

पहिला चरण झाला. आणि पुढे काहीच नाही.

माझ्या लक्षात यायला क्षणभर गेला. भजनात पुढच्यानं चरण म्हणायचा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो धरायचा, हे इतकं अंगात मुरलेलं आहे की कपाटात एकटी गातानाही मी प्रत्येक चरणानंतर थांबले होते. भजनी ठेक्याची दोन आवर्तनं, सोळा मात्रा. कानातल्या ठेक्यावर मोजून, न चुकता. मंदिरात त्या सोळा मात्रांत नुसता तानपुरा वाजत होता. ठेका माझ्या कानात होता, तो फितीवर आलाच नव्हता.

दुसऱ्या चरणानंतरही तसंच. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मास्कवर डोळे तेवढे दिसतात, आणि डोळ्यांना कळत होतं की ही जागा आपली आहे. तिसऱ्या खेपेला कुणीतरी मागून मिटल्या ओठांनी गुणगुणलं. मग दोघं. चौथ्या चरणाला पंधरा-वीस माणसं कापडाआड हुं-हुं करत चाल धरत होती. शब्द नाहीत, फक्त चाल. मधमाश्यांचं पोळं गुणगुणावं तसा आवाज, आणि माफ करा, पण सुरात. मिटल्या तोंडातून हवेत फारसं काही जात नसावं असा माझा अंदाज. नियमावलीत गुणगुणण्याचा उल्लेख नाही. चिटणीस काकांनी कागद उलटून पाहिला.

मी गायले का? गुणगुणले. गायिकेला आपल्याच मागे टाळकरी म्हणून उभं राहायची संधी क्वचित मिळते.

आरतीनंतर बाहेर पडले तर बुवा समोरच्या बंद दुकानाच्या फळीवर बसलेले. घरी थांबायचं त्यांनी पाळलं होतं, म्हणजे मंदिरात शिरले नव्हते. सहा फुटांवरून म्हणाले, “तिसऱ्या अभंगाला घाई केलीस.” खरं होतं.

सकाळी ७

पुण्यात सोमवारी सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत रविवारी रात्रीचे साडेआठ. तिथली चार मराठी मुलं माझ्याकडे ऑनलाइन शिकतात. महामारीच्या आधीपासून शिकतात, त्यामुळे हा वर्ग बंद झालाच नाही, उलट इथले विद्यार्थीही त्याच काचेत येऊन बसले. या माध्यमाची एक गंमत अजून लोकांना पटत नाही: इथे एकत्र गाता येत नाही. आवाज जायला-यायला जो वेळ लागतो त्यात माझी सम त्यांच्यापर्यंत पोचते तेव्हा मी पुढच्या मात्रेवर असते, त्यांची परत येते तोवर तिसरीवर. म्हणून सगळ्यांचा आवाज बंद करायचा, मी एकटी गाणार, ते आपापल्या घरी माझ्याबरोबर गाणार, मला ऐकू न येता. शिवाय ती यंत्रणा सलग आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजते आणि पुसून टाकते. तानपुरा सलग असतो. त्याला पंख्यातून सोडवायला मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची कळ शोधावी लागते, आणि ती प्रत्येक पालकानं दर आठवड्याला पुन्हा शोधायची असते.

त्या दिवशी धाकट्या मुलीनं विचारलं, “ताई, मी चुकले तर तुम्हाला कसं कळतं?” तोंडाकडे बघून कळतं, म्हणाले. ‘आ’ किती उघडला, हनुवटी कुठे गेली. हे बोलताना वाटलं, बरं झालं, काचेत निदान मास्क नाही.

सकाळी ९.३०

पाडव्याचं औक्षण. नवऱ्यानं ओवाळणीत एन-९५ चं पाकीट घातलं. विनोद म्हणून घातलं होतं, पण मी ठेवून घेतलं.

सकाळी ११

मार्चनंतर पहिल्यांदा एक विद्यार्थी प्रत्यक्ष येणार होता. हा कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणजे माझ्या धंद्याचा मेकॅनिक. आठ वर्षं शिकतोय, आवाज जड आहे, वेळ कमी आहे. त्याच्याच सूचना: गॅलरीचं दार सताड उघडं, पंखा बाहेरच्या दिशेनं, तो दाराशी, मी सात फुटांवर, दोघांना मास्क, पाऊण तासाच्या वर नाही.

मास्क लावून गाणं म्हणजे काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. स्वर पार जातो. सगळ्यांना वाटतं स्वर दबेल, पण ‘आ’कार त्या कापडातून बऱ्यापैकी पार होतो. अडकतात ती व्यंजनं: स, श, च, त. बारीक, उंच कंपनांचे आवाज कापड खाऊन टाकतं. त्यामुळे तराण्याची फोड बोथट होते आणि अभंगाचे शब्द पीठ होतात. दुसरं, श्वास. मोठी तान घेण्याआधी तोंडानं झटकन हवा ओढायची असते, तेव्हा कापड ओठांना येऊन चिकटतं. त्यानं दोनदा जागा सोडली. मग आम्ही विलंबितच गायलो, आणि त्यानं नाकानं श्वास घेतला, जे मी आठ वर्षं सांगत होते.

मध्यंतरात तो बोलला. अमेरिकेतल्या त्या समूहगानाची गोष्ट मला ऐकून माहीत होती, त्यानं आकडे सांगितले. वॉशिंग्टन राज्यातलं माउंट व्हर्नन, १० मार्च २०२०, अडीच तासांची तालीम. ६१ माणसं आली. त्यातली ५३ आजारी पडली, ३३ जणांची तपासणीत खात्री झाली, दोघं गेली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं मे महिन्यात तो अहवाल छापला आणि जगभरातल्या आरोग्य खात्यांनी गाणं या शब्दाखाली लाल रेघ मारली. आमच्या जूनच्या नियमावलीतलं ते कलम वाचताना मला ती रेघच दिसत होती.

“पण रेघ चुकीच्या शब्दाखाली आहे,” तो म्हणाला. ब्रिस्टलच्या संशोधकांनी पंचवीस व्यावसायिक कलाकारांना हाडांच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत उभं केलं. ती खोली कशासाठी, तर तिथली हवा इतकी स्वच्छ की माणसाच्या तोंडातून निघालेला कणच मोजला जाईल. त्यांना बोलायला, गायला, हळू गायला, जोरात गायला लावलं. तितक्याच आवाजात बोलण्यापेक्षा गाण्यातून थोडे जास्त कण निघाले, पण फार नाही. फरक पडला तो मोठेपणानं. अगदी हळू आणि अगदी जोरात यांत कणांचं वस्तुमान वीस ते तीस पटींनी वाढलं. गाणं असो की बोलणं, ओरडलात की फवारलंत. हे ऑगस्टमध्ये बाहेर आलं आणि इंग्लंडच्या सरकारनं हौशी गायकांवरची बंदी सैल केली.

मी विचारलं, “मग आपल्या कागदात ‘मोठ्यानं’ असं का नाही?”

तो हसला. मोठ्यानं बोलण्याला पत्ता नसतो, ते रिक्षात असतं, भाजीवाल्यापाशी असतं, फोनवर असतं. काकड्याला वेळ आहे, जागा आहे, चिटणीस आहे. बंदी घालायची तर ती सापडणाऱ्यावरच घालता येते. आठवड्यापूर्वीच बिहारच्या निवडणुकीचा निकाल लागला होता आणि तिथल्या सभांमधल्या घोषणा आम्ही दोघांनीही टीव्हीवर पाहिल्या होत्या. त्याचा विषय आम्ही काढला नाही. पाऊण तास संपत आला होता.

माउंट व्हर्ननच्या लोकांना मात्र मी मनातून दोष देऊ शकले नाही आणि नियमाला वेडा म्हणू शकले नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी संत्री आणि बिस्किटं खाल्ली होती, असं त्या अहवालात आहे. आमच्या मंडळात गूळ-शेंगदाणे असतात. आमचे आठ जण पासष्टच्या वरचे. सप्टेंबरात पुण्यात रुग्णसंख्या कळसाला होती तेव्हा ते कलम नसतं तर बुवा आत बसले असते, आणि पुढच्या रांगेत बसले असते.

दुपारी १.३०

पाडव्याला व्यापारी नव्या वह्या मांडतात. मीही जुनी वही काढली. गेल्या दिवाळीच्या पानावर पाच कार्यक्रम, त्यापुढे डिसेंबर-जानेवारीत सात. यंदाच्या पानावर एकच ओळ. शिकवण्या आहेत म्हणून मी उभी आहे. साथीदारांना तेही नाही. तबलजी दादानं जुलैपासून भावाच्या दुकानात मास्क विकायला सुरुवात केली होती. ऑक्टोबरात राज्य सरकारनं मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली, तीन पदरी चार रुपये, तेव्हा तो म्हणाला, “ताई, मात्रेचा भाव होता त्याहून कमी झाला.” सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात होणार नव्हता. त्याच्या मंडपाबाहेर पेट्या-तंबोरे दुरुस्त करणारे, सीडी विकणारे, वडापाववाले यांच्याविषयी कुठल्याच कागदात कलम नव्हतं.

जेवून अर्धा तास पडले.

दुपारी ४

ती एक ओळ हीच: संध्याकाळचं फेसबुकवरचं गाणं. एका छोट्या सभागृहात, प्रेक्षकांविना. खरं तर नाट्यगृहं ५ नोव्हेंबरपासून निम्म्या क्षमतेनं उघडायला परवानगी मिळाली होती. म्हणजे तिकीट काढून निम्म्या खुर्च्यांसमोर मी भक्तिगीत गाऊ शकले असते, तेच गीत मंदिरात गाऊ शकत नव्हते. आयोजकांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, बाई, निम्म्या खुर्च्या भरतील कशा ते सांगा.

रिक्षातून पेटी घेऊन निघालो. चौकात पोलीस. तबलजी दादा फोनवर बोलत होता आणि बोलण्यासाठी त्यानं मास्क हनुवटीवर ओढला होता. हे मी त्या वर्षभरात शेकडो वेळा पाहिलं: माणसं गप्प असताना मास्क लावतात आणि बोलायची वेळ आली की खाली घेतात, म्हणजे छत्री मिटून पावसात उतरावं तसं. पाचशे रुपयांची पावती फाटली. त्याच्या सव्वाशे मास्कची किंमत. मी निम्मे देऊ केले, घेतले नाहीत. (मास्कची सक्ती उठली तीही पाडव्यालाच. गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२. त्या दिवशी त्याला फोन करून पावतीची आठवण दिली.)

सभागृहात नवा पेच. मंचावर पेटी, तबला, टाळ सगळे मास्कमध्ये. गाणाऱ्यानं काय करायचं? आयोजकांपैकी एकानं सगळे कागद पाहिले, गायिकेच्या तोंडाबद्दल कुणीच लिहिलेलं नव्हतं. शेवटी कॅमेरावाल्यानं निकाल दिला: मास्क लावलात तर मागून ध्वनिमुद्रित लावलंय असं वाटेल लोकांना. मी काढला. पेटीवाले काका खुर्ची ओढून दीड फूट मागे सरकले, मग अजून थोडे, शेवटी माझ्या पाठीमागे जाऊन बसले. तीस वर्षांच्या साथीत आम्ही डोळ्यांनी बोलतो. त्या संध्याकाळी मला मान वळवून बोलावं लागलं.

गाणं झालं. ठुमरीच्या एका जागेवर दादाच्या मास्कमागून ‘वा’ आली. तेवढीच. बाकी दाद पडद्यावर अंगठ्यांच्या रूपात चढत होती आणि ती सतरा सेकंद उशिरा येत होती, म्हणजे मी पुढचं कडवं गात असताना मागच्या जागेला.

रात्री ८.३०

भाऊबीज. भाऊ यॉर्कशरमध्ये, तिथे दुपारचे तीन. पडद्यासमोर तबक फिरवलं, त्यानं कपाळ कॅमेऱ्याजवळ आणलं, वहिनीनं तिकडे कुंकू लावलं. ओवाळणी यूपीआयनं नाही, तिकडून बँकेनं येते, तीन दिवसांनी.

तो तिकडच्या एका हौशी समूहगानात बास गातो. दर मंगळवारी तालीम, चाळीसेक माणसं, निवृत्त मास्तर, परिचारिका, एक खाटीक. ऑगस्टमध्ये त्यांना मोकळीक मिळाली, एका मोठ्या हॉलमध्ये अंतरावर उभं राहून महिनाभर गायले, आणि ५ नोव्हेंबरला तिकडे दुसरी टाळेबंदी लागली. पुन्हा प्रत्येक जण आपापल्या स्वयंपाकघरात, आवाज बंद करून. “तुझ्या न्यू जर्सीच्या मुलांसारखं,” तो म्हणाला.

मी त्याला सकाळची गोष्ट सांगितली, सोळा मात्रांची. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, आमच्याकडे मशीनचं कलम नाही, पण बाकी आहेत.

त्याचं म्हणणं सहा महिन्यांनी जास्तच खरं झालं. १७ मे २०२१ ला इंग्लंडमध्ये पब आतून उघडले. त्याच्या दोन दिवस आधी वेम्बलीवर फुटबॉलच्या अंतिम सामन्याला वीसेक हजार माणसं घसा फोडून ओरडली होती. समूहगानांनी हॉल ठरवले, खुर्च्या मांडल्या. आणि १८ मेला, मंगळवारी, नेमका त्याच्या तालमीचा वार, सरकारी सूचना बदलली: बंदिस्त जागेत हौशी गायक एका वेळी सहाच. व्यावसायिकांना ही मर्यादा नाही. हे १९ जुलैपर्यंत चाललं. दोन महिने त्याचा मला एकच प्रश्न होता, “मला कुणी एक पौंड दिला तर मी व्यावसायिक का?”

इकडे सरकारला माणसाचा घसा नको होता, कर्णा चालत होता. तिकडे घसा चालत होता, पण त्याला पैसे मिळायला हवेत. विषाणूला यातलं काही विचारायचं नव्हतं हे उघड आहे. पण रेघ कुठेतरी मारायचीच होती, आणि दोन्हीकडच्या कारकुनांनी ती मारताना गाणं ही एक ऐकवण्याची वस्तू धरली. कुणीतरी तयार करतं, बाकीचे घेतात. तयार करणारा यंत्र असला किंवा पगारी असला की झालं. काकड्यात मात्र ऐकायला म्हणून कुणी येतच नाही. माझ्या भावाच्या मंगळवारीही नाही, त्यांच्या वर्षाकाठच्या दोन कार्यक्रमांना बहुतेक गाणाऱ्यांच्या बायका आणि नवरे असतात.

हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा आम्ही चकलीबद्दल बोलत होतो.

रात्री १०.२०

चिटणीस काकांचा निरोप. आधी नमस्कार, मग पणत्यांचं चित्र, मग मुद्दा: सकाळचा काकडा उत्तम झाला. तथापि मधल्या रिकाम्या जागांत भाविक गातात असं निदर्शनास आलं आहे. उद्यापासून गर्दी वाढेल, कुणी चित्रफीत काढली तर अडचण येईल. तरी त्या जागा काढून फाइल पुन्हा पाठवावी.

मी लिहिलं, गात नाहीत, गुणगुणतात.

त्यांचं उत्तर, हो, पण ते कापडाआडून कळत नाही ना.

संगणक उघडला. आवाजाची लाट पडद्यावर डोंगररांगेसारखी दिसते: चरण, मग सपाटी, चरण, मग सपाटी. सपाटी निवडायची, पुसायची, दोन डोंगर जोडायचे. भूपाळी सोपी गेली. वासुदेवाला वेळ लागला, कारण तिथे माझा श्वास सपाटीच्या शेवटी येतो आणि तो कापला तर पुढचा शब्द लंगडतो. तिसऱ्या अभंगाला बुवा म्हणाले ती घाई होतीच, जागा काढल्यावर ती अजून वाढली, म्हणून तो पुन्हा कपाटात जाऊन गावा लागला. हळू, घरचे झोपले होते.

बत्तीस मिनिटांची एकवीस झाली. एकदा सलग ऐकली. स्वच्छ होती, कुणालाही शिरायला जागा नव्हती. काकांना पाठवली, जुनी फाइल पुसली नाही, आणि पावणेपाचचा गजर लावला.